मुलांना घेऊन तंबूत दोन रात्री : दिवसभर करायचं काय?

मृद्गंधा_नाशिक
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री राहायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, उत्साहात आमच्या सगळ्यांच्या पुढे), थोरला १० वर्षांचा, धाकटी ५ ची आणि भाचा १३ चा.

गेल्या वर्षी एका धरणाच्या काठी तयार कॅम्पवर गेलो होतो. संध्याकाळी सातला स्पीकर सुरू झाले ते रात्री एक वाजेपर्यंत. मुलं कानावर उशी घेऊन झोपली. परत येताना थोरला म्हणाला, "आई, आपण तंबूत राहायला गेलो होतो की लग्नाला?" तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी आपला तंबू आपणच ठोकायचा.

या वेळी ओळखीतून एका शेतकरी कुटुंबाने शेताच्या कडेला जागा दिली आहे. पाणी आणि संडास त्यांच्या घराचा, जेवण निम्मं त्यांच्याकडे आणि निम्मं आमच्या चुलीवर. तंबू एका मैत्रिणीकडून मिळतोय. मोबाइल गाडीत ठेवायचे, हे मुलांनी कबूल केलंय. पण आता भाचा रोज विचारतो, "मामी, मग तिथे करायचं काय?" आणि मला उत्तर सुचत नाही. पाच आणि तेरा वर्षांच्या मुलांना एकत्र रमवता येईल असं काही सुचवा. तुम्ही काय काय केलंत तेही लिहा.

भटका_पुणेकर
लगोरी! सात चपटे दगड तिथेच सापडतील, चेंडू तेवढा न्या. विटीदांडू शेतात खेळता येईल, पण पाच वर्षांची मुलगी आहे म्हणून विटीपासून जपून. अंधार पडल्यावर डबा ऐसपैस, त्याला तोड नाही.

सई_आणि_मंडळी
डबा ऐसपैस अंधारात नको हो. अनोळखी जागा, बांध, विहीर, दगड. संध्याकाळी उजेड असतानाच खेळा. रात्रीसाठी सावल्यांचा खेळ ठेवा. तंबूच्या आत एक विजेरी, मुलं हाताने ससा, कुत्रा, मोर करतात आणि बाकीचे बाहेर बसून तंबूच्या कापडावर बघतात. आमच्या मुलीने एकदा अख्खं 'ससा आणि कासव' असं सादर केलं होतं. कासवाला जास्त टाळ्या पडल्या म्हणून सशाचं काम करणारा भाऊ रुसून स्लीपिंग बॅगेत शिरला, तो सकाळीच बाहेर आला.

हेमंत_७२
वेगळं मत मांडतो. तुम्ही काहीच ठरवू नका. आपण मुलांच्या प्रत्येक तासाला काहीतरी चिकटवून ठेवतो. शाळा, क्लास, पोहणं, तबला, आणि आता तंबूतही वेळापत्रक? पहिले दोन तास मुलं "कंटाळा आला" म्हणतील. म्हणू द्या. तिसऱ्या तासाला ती दगड रचत बसलेली दिसतील. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना एका ओढ्याकाठी त्याने अख्खी सकाळ धरण बांधण्यात घालवली. त्या सकाळी मी काही सुचवलं असतं तर ते धरण झालंच नसतं.

सई_आणि_मंडळी
हेमंतकाका, आठ वर्षांच्या मुलाला हे जमतं. पाच वर्षांची मुलगी दोन तास कंटाळली तर रडून तंबू डोक्यावर घेईल, आणि तेरा वर्षांचा मुलगा सरळ गाडीतला मोबाइल मागेल. थोडं हाताशी हवंच.

हेमंत_७२
हाताशी ठेवा, पण पिशवीत ठेवा. मागितल्याशिवाय काढू नका, एवढंच म्हणणं.

रानवाटा
दोघांचंही पटतंय. पण मी मधला एक मार्ग सांगते, आम्ही सात-आठ वर्षं करतोय. मुलांना काम द्या. खरं काम, खोटंखोटं नाही.

तंबू कुठे लावायचा हे मुलांना ठरवू द्या. जमीन सपाट आहे का, वर वाळलेली फांदी आहे का, वारा कुठून येतो, सकाळचं ऊन कुठून येईल, हे चार प्रश्न फक्त विचारायचे. तेरा वर्षांच्या मुलाला खुंट्या ठोकायला सांगा. खुंटी तंबूपासून दूर कलती ठोकायची, म्हणजे दोरी ताणली तरी उपटत नाही, हे एकदा दाखवलं की तो दुसऱ्यांना शिकवतो. दहा वर्षांच्या मुलाकडे पाण्याचा हिशेब द्या. सहा माणसं, स्वयंपाक, भांडी, किती हंडे लागतील ते त्याने ठरवायचं आणि आणायचं. धाकटीकडे दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधायचं काम द्या, नाहीतर रात्री सगळे अडखळून पडतात. तिला सांगा की आजी पडू नये ही तुझी जबाबदारी. ती तीन-तीनदा तपासेल.

आमच्याकडे पहिल्या वर्षी मी सगळं स्वतः केलं होतं आणि मुलं "आता काय" विचारत मागे फिरत होती. दुसऱ्या वर्षी कामं वाटली. तो प्रश्न नंतर कुणी विचारलाच नाही.

भटका_पुणेकर
रानवाटाताई, +१००. चिंध्यांची युक्ती उचलली.

नभोमित्र
डिसेंबर आणि भंडारदरा म्हटल्यावर मला राहवत नाही, मोठा प्रतिसाद होणार आहे.

आधी तिथी बघा. चंद्र मोठा असेल तर सावल्यांचे खेळ खेळा, पण तारे कमी दिसतील. अमावस्येच्या आसपास गेलात तर मुलं ते आकाश विसरणार नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि एकदा कुणी पांढरी विजेरी लावली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधा. हे कामही मुलांनाच द्या.

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला बऱ्यापैकी वर मृग दिसेल. चार पाय आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ उलट दिशेला वाढवली की लालसर रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. व्याधाने बाण मारला, मृग पळतोय, ही गोष्ट आजी रंगवून सांगतील. मग स्पर्धा लावा की कृत्तिकेत कुणाला किती तारे दिसतात. साध्या डोळ्यांनी बहुतेकांना सहा दिसतात, तीक्ष्ण नजर असेल तर जास्त. प्रत्येकाने आकडा कागदावर लिहायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही.

दुसरा खेळ ध्रुव ताऱ्याचा. डिसेंबरात सप्तर्षी उत्तररात्री उगवतात, म्हणून संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा 'एम' शोधा आणि तिथून ध्रुव. आता हात सरळ ताठ करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठी मोजा, भंडारदऱ्याला जवळपास दोन भरतील. ध्रुव जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. तेरा वर्षांच्या मुलाला हे स्वतःच्या हाताने कळलं की भूगोलाच्या पुस्तकातली ती आडवी रेघ जिवंत होते. लहान मुलाची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीचं उत्तरही जवळपास तेच येतं. मुलांना ही गंमत फार आवडते.

तिसरं दिवसाचं. सकाळी दहाला मोकळ्या जागी एक सरळ काठी उभी रोवा. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. मुलांना विचारा, सावली सर्वांत आखूड किती वाजता होईल? सगळे म्हणतील बारा. उत्तर काय येतं ते इथे लिहीत नाही, मुलांनी शोधू द्या.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री जमत असेल तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. तुम्ही शेवटच्या आठवड्यात जाताय, तेव्हा तो संपलेला असेल. तरी तासाभरात एकदोन उल्का कुठल्याही रात्री दिसतात.

बे_एरियातली_मावशी
नभोमित्र, मुठी मोजून बघितल्या! इकडे कॅलिफोर्नियात पावणेचार भरल्या. लेकीला सांगितलं की आजीच्या गावी हाच तारा निम्म्या उंचीवर असतो, तर ती म्हणाली, "मग आजीला तो तोडता येत असेल."

इकडचा एक अनुभव. इथल्या राष्ट्रीय उद्यानांत 'ज्युनियर रेंजर' म्हणून कार्यक्रम असतो. मुलांना एक पुस्तिका देतात. पाच पक्षी शोधा, एका झाडाच्या सालीचा ठसा घ्या, रेंजरला एक प्रश्न विचारा, असं काय काय. ती भरून नेली की रेंजर मुलांना उजवा हात वर करायला लावून शपथ देतो आणि बिल्ला देतो. माझ्या मुलीला सात बिल्ले मिळालेत आणि तिने ते सगळे एकाच टोपीला लावलेत. तुम्ही घरीच अशी वही करा ना. शपथ आजींनी द्यायची. मुलांसाठी शपथ हाच सर्वांत मोठा भाग असतो.

अजून एक. इथल्या योसेमिटी उद्यानात अस्वलांमुळे खायच्या सगळ्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवाव्या लागतात, टूथपेस्टसुद्धा. तिकडे अस्वल नसेल, पण तंबूत खाऊ ठेवू नका.

सह्यकडा
मावशींचं बरोबर. आपल्याकडे माकडं, रानडुकरं, उंदीर आणि मुंग्या. बिस्किटाचा एक पुडा तंबूत राहिला तर उंदीर तंबू कुरतडून आत येतात.

मुलांसाठी माझी भर. सकाळी उठल्या उठल्या, कुणी चालायच्या आधी, ओल्या मातीत ठसे शोधा. पंजापुढे नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्रा किंवा कोल्हा. नखं दिसत नसतील तर मांजराच्या जातीचं, कारण ती चालताना नखं आत ओढून घेतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी न्या. ठशाभोवती पुठ्ठ्याची गोल पट्टी रोवा, दोन भाग पावडर आणि एक भाग पाणी कालवून ओता, अर्ध्या तासाने उचला. आमच्या घरात कपाटावर टिटवीचा, मुंगुसाचा आणि शेजारच्या मोत्याचा पाय आहे.

भुसभुशीत कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले तर तिथे बसा. तळाशी एक किडा लपलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो आणि ती आणखी खाली येते. गवताच्या काडीने दोन कण हळूच खाली सोडले की तो फसतो. लहान मुलं इथून हलत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
खाण्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणजे काय? आमच्याकडे रानात गेलं की पानगे. कणकेत थोडा रवा, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. गोळा पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा. पान करपतं, आतला पानगा शेकून निघतो. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पानात दाबायचं काम मुलांचं. पानाच्या शिरांची नक्षी पानग्यावर उमटते, मग माझी नक्षी भारी की तुझी यावर अर्धा तास जातो.

दर्यावर्दी
अलिबागकडची पोपटी घ्या की! हंगामही तोच. मडक्यात तळाला भांबुर्डी या रानटी झुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, गवत, काटक्या पेटवायच्या. अर्धा-पाऊण तास. झालं का बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे, चर्र झालं की समजायचं. शिंतोडे मोठ्याने मारायचे, मुलांनी लांबून चर्र ऐकायचं. मडकं उघडलं की तो वास! भंडारदऱ्याला भांबुर्डी मिळेल की नाही ते तिथल्या लोकांना विचारा.

आणि कधी समुद्रावर तंबू ठोकलात तर मुलांना भरतीचा हिशेब शिकवा. कोकणातला जुना हिशेब : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. थोडा मागेपुढे होतो. पण मुलांनी पाण्याच्या रेघेशी काठी रोवून पडताळलं की त्यांना वाटतं आपण समुद्राला पकडलं. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढतात, तीही दाखवा.

शुश्रूषा
मी परिचारिका आहे, म्हणून थोडं गंभीर लिहिते. रागावू नका.

थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत कधीही न्यायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच घात होतो. चुलीची जागा तंबूपासून चांगली दूर, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून, ढवळून, हात जवळ नेऊन धग गेल्याची खात्री.

बूट घालताना आधी उलटे करून झटकायचे, विंचू असतात. तंबूची चेन दिवसासुद्धा बंद. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, कधी कधी चावल्याचं कळतही नाही. साप चावला तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं काही करू नका. हात किंवा पाय हलू न देता सरळ रुग्णालय. १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा. जाण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, ते विचारून ठेवा.

मुलांना भीती घालू नका, हे सगळं नियम म्हणून शिकवा. माझ्या पुतण्याने बूट झटकण्याचं गाणं केलं होतं. आता तो मुंबईच्या फ्लॅटमध्येसुद्धा बूट झटकतो.

मृद्गंधा_नाशिक
किती लिहिलंत सगळ्यांनी! शुश्रूषाताई, रागावेन कशी, शेगडी न्यायचा विचार आमचा खरंच होता. आता नाही. नभोमित्र, सासूबाईंना व्याध-मृगाची गोष्ट विचारली, त्यांनी पाऊण तास सांगितली. वाळलेलं लाकूड तिथे जंगलात मिळेल ना?

शेंडीचा_पोऱ्या
ताई, मी त्याच भागातला. लाकूड जंगलातून आणू नका. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे, वनखात्याचे नियम आहेत. ज्यांच्या शेतात राहताय त्यांच्याकडून विकत घ्या, त्यांनाही दोन पैसे मिळतील. उंच कड्याखाली, झाडावर आग्या मोहोळ असेल तिथे धूर करू नका.

दुसरं, धरणाचं पाणी. काठावरून दोन पावलं उथळ वाटतं आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही. गाळात पाय रुततो. आमची पोरं पोहतात ते बघून शहरातली पोरं उतरतात. मुलांना काठावरून भाकऱ्या काढायला शिकवा. चपटा दगड, मनगट आडवं, दगड पाण्यावर टप्पे घेत गेला पाहिजे. माझ्या आठ भाकऱ्या होतात. पाण्यात उतरायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून आणि इथला माणूस सोबत असेल तरच.

तिसरं मनातलं बोलतो. लोक येतात, मजा करतात, बाटल्या फोडून जातात. काचा आमच्या बैलाच्या पायात जातात. तुमची मुलं येतील तेव्हा आमच्या पोरांबरोबर खेळवा. त्यांना मोठा कॅम्प लागत नाही, लगोरीला मोठा गट लागतो. रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे, तिथे घेऊन जा. दगडातली चित्रं शोधायला सांगा, तास जातो.

रानवाटा
शेंडीचा_पोऱ्या, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. काचांबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्ही निघताना मुलांकडून एक गोणी कचरा गोळा करून आणतो, आपला आणि आधीच्यांचाही. मुलं वजन करून वहीत लिहितात.

सुलूताई
देवळावरून आठवलं. आपल्या अनेक लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले पट असतात. वाघ-बकरीचे चौकोन, दोन रांगांतले खळगे. पूर्वीची माणसं तिथे बसून खेळायची. कुठे सापडले नाहीत तर मातीत स्वतः खळगे करा. दोन रांगा, प्रत्येक खळग्यात चार चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढच्या प्रत्येकात एकेक टाकत जायचं. हा खेळ आजीला नातवाइतकाच येतो. तेरा वर्षांच्या मुलाला आजीने हरवलं की त्याची मोबाइलची आठवण संपते.

बसल्या बसल्या सागरगोटे, आणि पळसाच्या पानांचे द्रोणही. बांबूच्या चोयांनी टाचायचे. त्या दिवशीचं जेवण स्वतःच्या द्रोणात. आमटी गळली की दोष द्रोणाला द्यायचा नाही, पुन्हा टाचायचा.

अनिकेत_ठाणे
अवांतर : कोणी मे-जूनमध्ये काजव्यांसाठी मुलांना नेलंय का?

सह्यकडा
नेलंय. मेअखेर ते जूनचा मध्य, जोराचा पाऊस लागण्याआधी. पुरुषवाडी, घाटघर, साम्रद, तो सगळा पट्टा. एकेक झाड दिव्यांच्या माळेसारखं लुकलुकतं. पण आता गर्दी फार, गाड्यांच्या प्रकाशझोताने काजवे बिथरतात. त्यांचं लुकलुकणं हे नर-मादीचं बोलणं असतं, आपल्या उजेडात ते बोलणं तुटतं. गाडी लांब लावा, दिवे बंद, बाटलीत पकडायचे नाहीत. मुलांना नेण्याआधी हे तीन नियम घोकून घ्या. आणि आडवारी जा, शनिवारी नको.

अनिकेत_ठाणे
धन्यवाद. माझी मुलगी अंधाराला घाबरते, म्हणून विचारतोय.

रानवाटा
अनिकेत, माझाही मुलगा घाबरायचा. आम्ही एक खेळ करायचो, 'आवाजांची वही'. तंबूच्या दारात त्याला मांडीवर घेऊन बसायचं, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटांत किती आवाज ऐकू येतात ते बोटांवर मोजायचं. मग एकेकाला नाव द्यायचं. हा रातकिडा, ही टिटवी, हा रातवा, तो कुठलासा बेडूक, हे बाबांचं घोरणं. अंधारात कोण आहे ते कळलं की भीती निम्मी होते. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "आई, आज टिटवी उशिरा आली." लगेच जमेल असं नाही, घाईही करू नका. तिला नको असेल त्या रात्री लाल दिवा चालू राहू द्या.

हेमंत_७२
वा. हे मी करणार, माझ्या नातीबरोबर.

(जानेवारी)

मृद्गंधा_नाशिक
आलो मंडळी! उशीर झाला लिहायला. वृत्तांत देते.

तंबू उभा करायला दोन तास लागले, कारण भाच्याने जागा तीनदा बदलली. शेवटी निवडली ती खरंच चांगली होती. धाकटीने चिंध्या बांधल्या, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, त्या घरच्या काकांनाही, "दोरी बघून या हं" असं सांगत उभी राहिली. थोरल्याचा पाण्याचा हिशेब चुकला, आठ हंडे म्हणाला आणि अकरा लागले. तिसऱ्यांदा विहिरीवरून येताना तो म्हणाला, "घरी आपण किती पाणी सोडतो गं." मी काही बोलले नाही.

पहिल्या दुपारी "कंटाळा आला" झालंच. हेमंतकाका, तुमचं ऐकून मी पिशवी उघडली नाही. अर्ध्या तासाने तिघं शेताच्या बांधाशी पोटावर पालथी पडून त्या नरसाळ्यातल्या किड्याकडे बघत होती. त्या घरची दोन मुलं येऊन बसली आणि त्यांनी त्याला मातीतून बाहेर कसं काढायचं ते दाखवलं. तो उलटा चालतो! संध्याकाळी लगोरीला अकरा जण होतो, सासूबाई धरून. त्यांचा नेम बघून भाचा गप्पच झाला.

काठीची सावली : सगळ्यांनी बाराला पैज लावली होती. बारानंतरही सावली आखडतच होती. थोरला आधी म्हणाला घड्याळ चुकलंय. साडेबाराला आणि बारा चाळीसला खडे जवळपास सारख्याच अंतरावर पडले. नभोमित्र, असं का ते नीट सांगा, मी मुलांना अर्धवटच सांगू शकले.

पानगे जमले, पोपटी नाही. भांबुर्डी मिळाली नाही, पण काकूंनी वालाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दिल्या, त्यावर मुलं तुटून पडली. दुसऱ्या रात्री थंडी एवढी होती की सकाळी तंबूच्या आतून दव टिपकत होतं आणि सगळ्यांच्या अंगावर दोन-दोन स्वेटर. भाकऱ्यांमध्ये भाच्याच्या पाच झाल्या. शेंडीचा_पोऱ्या, तुमचा विक्रम शाबूत आहे.

एक चुकलं तेही लिहिते. पहिल्या रात्री धाकटीला अकरापर्यंत जागवलं, ताऱ्यांच्या नादात. ती इतकी दमली की मध्यरात्री रडत उठली आणि घरी जायचं म्हणाली. सासूबाई तिला घेऊन बाहेर बसल्या, व्याधाची गोष्ट पुन्हा सांगितली, वीस मिनिटांत झोपली. दुसऱ्या दिवशी तिला आठलाच झोपवलं आणि पहाटे पाचला उठवून सप्तर्षी दाखवले. लहान मुलं असतील तर पहाट जास्त बरी.

शपथ आजींनी दिली. "मी दोरी बघीन, बूट झटकीन, कचरा उचलीन." बिल्ले पुठ्ठ्याचे.

नभोमित्र
वाचून आनंद झाला! सावलीचं कारण : आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. भंडारदरा त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य तिथे सर्वांत उंच यायला सुमारे पस्तीस मिनिटं उशीर. बारा पस्तीस! तुमच्या मुलांचे दोन खडे त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटांवर पडलेत. थोरल्याला सांगा, त्याने काठीने रेखांश मोजला. वर्षभरात ही वेळ काही मिनिटं मागेपुढे सरकते, मे महिन्यात पुन्हा करून बघा.

मृद्गंधा_नाशिक
त्याला वाचून दाखवलं. तो आता गच्चीवर काठी रोवायला कुंडी शोधतोय.

बे_एरियातली_मावशी
आणि कृत्तिकेचं काय झालं? किती मोजले?

मृद्गंधा_नाशिक
विसरलेच. कागद जपून ठेवलाय. आमचे दोघांचे पाच-पाच, भाच्याचे सहा, थोरल्याचे सात, सासूबाईंचे चष्म्यासकट चार. धाकटीला आकडे शंभरपर्यंत येतात, तिने शंभर लिहिलेत.